चित्रकलेच्या सरांचा तास: शाळेने कलाशिक्षकाला साथ कशी द्यावी

मी मुख्याध्यापिका झाले त्या जूनमध्ये वेळापत्रक लावताना चित्रकला सगळ्यांत शेवटी भरली. गणित, इंग्रजी, विज्ञान बसवून झाल्यावर जिथे जिथे भोकं उरली, तिथे चित्रकला. वर सरांना म्हटलं, "तुमचं काय, कुठेही चालतं ना!" ते "हो मॅडम" म्हणाले. नोकरीला लागल्यापासून ते हेच ऐकत आले होते, वेगळं काय म्हणणार?

ऑगस्टमध्ये एकदा शाळा सुटल्यावर मागच्या बाजूला गेले, तर सर स्वच्छतागृहाबाहेरच्या नळापाशी उकिडवे बसून ब्रश धूत होते. पन्नास-साठ ब्रश. एकेक घ्यायचा, केसांच्या मुळाशी अंगठ्याने दाबून रंग बाहेर काढायचा, टोक ओठांवर फिरवल्यासारखं बोटांत फिरवून सरळ करायचं आणि वर्तमानपत्रावर आडवा ठेवायचा. बादलीतलं पाणी जांभळट काळं झालेलं. वर्गाजवळच्या बेसिनमध्ये का नाही धूत, विचारलं. रंगाने बेसिन तुंबतं म्हणून तिथे धुवायचं नाही, अशी सूचना होती. खाली सही माझीच.

नाशिकच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत त्यानंतरच्या सात वर्षांत आम्ही जे करून पाहिलं, त्यातलं जे टिकलं ते इथे लिहिते आहे. मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, संस्थेची मंडळी आणि शाळा व्यवस्थापन समितीतले पालक यांना डोळ्यांसमोर ठेवलं आहे. कलाशिक्षकांनी वाचलं तर उत्तमच. पण बदल त्यांच्याकडून मागायचा नाहीये.

पायरी 1: पंधरा दिवस नुसती नोंद ठेवा

काहीही सुधारायला जाण्याआधी एक वही घाला. सरांना किंवा बाईंना आधी सांगा की ही तुमच्यावरची पाळत नाही, आमचा हिशेब आहे. रोज दोनच गोष्टी लिहायच्या: आज तुमचे किती तास झाले, किती बुडाले आणि कशामुळे, शिवाय शिकवण्याव्यतिरिक्त कोणी काय काम सांगितलं.

आमच्या वहीत पंधरा दिवसांत निघालं ते असं. दर्शनी फलक तीनदा. साहेब येणार म्हणून दारात रांगोळी. वक्तृत्व स्पर्धेच्या 84 प्रमाणपत्रांवर नावं. पहिलीच्या भिंतीवर पाढे. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांच्या वाढदिवसाचं शुभेच्छापत्र. गैरहजर शिक्षकांचे सहा बदली तास. आणि स्वतःच्या तासांपैकी पाच गायब. त्यातले तीन गणिताच्या सरांनी "पोर्शन राहिलाय" म्हणून मागून घेतलेले, तेही जिन्यात, उभ्याउभ्या.

ही वही स्टाफ मीटिंगमध्ये वाचून दाखवली. कोणावर आरोप केला नाही, फक्त वाचली. रांगोळीच्या ओळीला सगळे हसले. पाचव्या बुडालेल्या तासापर्यंत कोणी हसेनासं झालं.

पायरी 2: फलक, रांगोळी, प्रमाणपत्रं यांची वाट लावा

वाट लावा म्हणजे योग्य वाटेला लावा. शाळेला फलक लागतो, गॅदरिंगला पडदा लागतो, ते कलाशिक्षकाने मुळीच करू नये असं मी म्हणत नाही. चांगल्या हाताला त्यात आनंदही असतो. पण 'सर, जरा दहा मिनिटं' हे जे काही असतं, ते दहा मिनिटांत कधी संपत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 27 प्रमाणे शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं देता येतात. वाढदिवसाचं शुभेच्छापत्र त्यात कुठेच बसत नाही.

आम्ही तीन नियम केले. एक, सजावटीचं कोणतंही काम आठ दिवस आधी लेखी, माझ्यामार्फत. निम्मी कामं इथेच गळाली, कारण मुख्याध्यापिकेकडे चिठ्ठी घेऊन यायचा कंटाळा. दोन, प्रमाणपत्रांवरची नावं छापून येतील. तीन, फलक मुलांचा. आठवी-नववीतल्या सहा मुलांचं फलक मंडळ केलं. सर महिन्यातून एकदा त्यांना अक्षरांच्या उंचीचा आणि ओळींमधल्या अंतराचा धडा द्यायचे, बाकी मुलं बघायची. पहिल्या महिन्यात 'स्वातंत्र्य' चुकलं होतं. एका पालकांनी फोटो काढून पाठवला. मी म्हटलं, दुरुस्त करतील. त्यांनी केलं.

2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. भिंती रंगवायला मुलं आणि सर पाठवा, अशी मागणी आलीच तर सरळ नाही म्हणू नका आणि मुकाट्याने हो तर अजिबात नको. अटी घाला: विषय आणि आराखडा शाळेचा, रंग-शिडी-पाणी समोरच्यांचं, काम दोन शनिवारांत बसेल एवढंच, आणि भिंतीच्या कोपऱ्यात मुलांची नावं. मग ते शिक्षण ठरतं.

पायरी 3: जोडतास द्या

मला एकच बदल करायची मुभा असती, तर मी हा केला असता. यात पैसा लागत नाही, मंजुरी लागत नाही, नवीन शिक्षक लागत नाही.

हिशेब बघा. तास 35 मिनिटांचा. साठ मुलं वर्गातून चित्रकलेच्या खोलीत यायला 4 मिनिटं. कागद वाटणं, पाणी भरणं, रंग काढणं यात 6. शेवटी धुणं, पुसणं, ओले कागद टांगणं यात 7. गेली 17 मिनिटं. उरली 18. अठरा मिनिटांत मूल वस्तूकडे बघेल, रेखाटेल, रंग कालवेल की काय करेल? म्हणून सर फळ्यावर एक चित्र काढतात आणि मुलं ते उतरवतात. आपण म्हणतो, बघा, सर्जनशीलता नाही.

आठवड्याचे दोन तास वेगवेगळ्या दिवशी असतील तर हाती येतात 36 मिनिटं. तेच दोन तास सलग लावले तर 70 मधून 17 एकदाच वजा, उरतात 53. तेवढ्यात एक चित्र सुरू होऊन रंगापर्यंत पोचतं.

वेळापत्रक लावणारे सर कुरकुरतील. आमचेही कुरकुरले, "जोडतास फक्त प्रयोगशाळेला असतो." चित्रकलेची खोली ही प्रयोगशाळाच आहे, एवढं म्हणून मी वेळापत्रक परत पाठवलं. लावताना दोन गोष्टी सांभाळा. जोडतास मोठ्या सुट्टीच्या आधी ठेवला तर साफसफाई सुट्टीत सरकते आणि मुलं आपणहून थांबतात. आणि वेळापत्रक भरायला घेताना चित्रकला, खेळ आणि प्रयोगशाळा आधी मांडा, कारण त्यांना खोली, मैदान, पाणी लागतं. बाकीचे विषय खडू घेऊन कुठेही जातात.

आणखी एक: दिलेला तास मागता येणार नाही, हे एकदा मीटिंगमध्ये सांगा आणि पहिल्यांदा मोडेल तेव्हा तिथल्या तिथे थांबवा. आमच्याकडे तो प्रसंग दहावीच्या सराव परीक्षेआधी आला. बरंच वाजलं. असो.

पायरी 4: खोली, उजेड, पाणी

स्वतंत्र कलादालन बहुतेक शाळांत नाही आणि लगेच होणारही नाही. चालेल. एक खोली शोधा, मग ती जुन्या इमारतीतली का असेना, जिच्या एका भिंतीला खिडक्या आहेत. उत्तरेकडच्या असल्या तर सोनं. दिवसभर उजेड बदलत नाही आणि वस्तूची सावली एका बाजूला नीट पडते. दोन्ही बाजूंनी ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत वस्तुचित्र शिकवणं म्हणजे मुलांनी सावली कुठून आणायची?

खोलीत काय हवं: पाच-सहा मोठ्या बादल्या, दोन स्वच्छ पाण्याच्या, बाकी मळक्या. दोरी आणि कपड्यांचे चिमटे, कारण नाशिकचा जुलै-ऑगस्ट म्हणजे पोस्टर कलर दुसऱ्या दिवशीपर्यंत ओला, आणि एकावर एक ठेवलेले कागद चिकटून फाटतात. कुलूप लागणारं कपाट. एक कमी उंचीचं टेबल, ज्यावर मांडलेली वस्तू आठवडाभर कोणी हलवणार नाही. आणि बेसिनचं म्हणाल, तर प्लंबरने पाइपात एक उघडता येणारा गाळसापळा बसवला. अर्ध्या दिवसाचं काम होतं. माझी ती सूचना मी स्वतः फळ्यावरून काढली.

पायरी 5: साहित्य शाळेचं, वर्गाचं

मुलांनी रंगपेटी आणायची पद्धत असते तिथे प्रत्येक तासाला दहा-बारा मुलं हात बांधून बसतात. काही विसरतात. काहींच्या घरी यंदा पेटी घेणं झालेलंच नसतं, आणि ती मुलं 'विसरलो' म्हणतात. कलाशिक्षकाला हे माहीत असतं. तो आपल्या खिशातून चार पेट्या आणून ठेवतो. तुमच्याही शाळेत ठेवत असेल, विचारून बघा.

म्हणून साहित्य शक्य तेवढं खोलीचं करा. बारा रंगांच्या साठ पेट्यांऐवजी लाल, पिवळा, निळा, काळा, पांढरा अशा पाच मोठ्या बाटल्या घ्या. हिरवा बाटलीतला नको. पिवळ्यात निळा किती घातला की कडुनिंब आणि किती घातला की द्राक्षाचं पान, हे मुलाला तिथेच कळतं. ब्रश गोल 4 आणि 8 नंबर, चपटा 10. फार स्वस्त ब्रश घेऊ नका. केस गळतात आणि वर्षात दोनदा घ्यावे लागतात.

कागदाचा हिशेब सरांबरोबर बसून करा. 22 बाय 30 इंची मोठ्या कागदाचे चार तुकडे होतात, 11 बाय 15 चे. साठ मुलांच्या वर्गाला वर्षाची वीस चित्रं धरली तर 1200 तुकडे, म्हणजे 300 मोठे कागद. आमच्याकडे पाचवी ते आठवीच्या तीन-तीन तुकड्या, म्हणजे 12 वर्ग: 3600 कागद. आकडा ऐकून संस्थेचे चिटणीस दचकले, पण आकडा समोर होता म्हणून बोलणी तरी सुरू झाली. 'थोडं साहित्य द्या' या अर्जाला उत्तर येत नाही. कागद, जाडी, संख्या लिहिलेल्या अर्जाला येतं.

फुकट मिळणारंही बरंच आहे आणि या शहरात तर आहेच. छापखान्यांतली कात्रणं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमधले पॅकिंगचे पुठ्ठे. हंगामात द्राक्षांचे खोके, ज्यांचा पांढरा आतला भाग कोळशाने चित्र काढायला फार छान. तांबट लेनमधून पातळ पत्र्याचे तुकडे मिळाले, त्यांवर नववीने उठावाची नक्षी ठोकली. खोलीशेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा. आम्ही सांगितलं नव्हतं.

अक्षरलेखनासाठी एक बारकावा. दुकानात मिळणारी कॅलिग्राफीची पेनं रोमन अक्षरांसाठी कापलेली असतात. देवनागरीला काप उलट्या बाजूचा लागतो. मूल तसलं पेन घेऊन 'क' काढतं, जाड तिथे बारीक आणि बारीक तिथे जाड येतं, आणि मग 'माझं अक्षरच वाईट' म्हणून बसतं. बोरू, म्हणजे तिरक्या टोकाची कापलेली काडीची लेखणी, आणा. नाही मिळाला तर आइसक्रीमच्या काड्या तिरक्या कापून द्या. हे मला सरांनी सांगितलं तेव्हा मी मराठी शिकवून वीस वर्षं झाली होती.

पायरी 6: ग्रेड परीक्षेत मदत करा, पण परीक्षेलाच चित्रकला समजू नका

शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे आपली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, ही बहुतेक शाळांत कलाशिक्षकाची एकमेव 'दिसणारी' कामगिरी असते. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात: ए ला 7, बी ला 5, सी ला 3. त्यामुळे एरवी चित्रकलेचं नाव न काढणारे पालक जूनमध्ये रांग लावतात.

इथे शाळा तीन गोष्टी सहज करू शकते. अर्ज भरणं, शुल्क गोळा करणं, पुढे दहावीच्या गुणांचे प्रस्ताव मंडळाकडे पाठवणं ही कामं कार्यालयातल्या लिपिकाकडे द्या. सरांनी फक्त तपासावीत. सरावासाठी जादा वर्ग घ्यायचा तर तो वेळापत्रकात लिहा, 'सर थांबतातच सातला' असं गृहीत धरू नका. आणि कर्तव्यभूमितीचा भाग गणिताच्या शिक्षकांनी वाटून घ्यावा. आमच्या गणिताच्या सरांनी (हो, तेच) घेतला आणि आवडीने घेतला.

आता दुसरी बाजू. 'किती ए श्रेणी आल्या' एवढंच विचारलं की सर पाठांतराकडे वळतात. स्मरणचित्र या विषयाचं तर हसू होतं. 'बाजाराचे दृश्य' म्हटलं की साठ कागदांवर एकच बाजार: उजवीकडे फुगेवाला, डावीकडे टोपली घेतलेली बाई, मागे नारळाचं झाड. नाशिकच्या बाजारात नारळाचं झाड कुठून आलं, हे कोणी विचारत नाही.

एका बुधवारी सर चाळीस मुलांना घेऊन गोदाकाठच्या आठवडे बाजारात गेले. मीही गेले, कारण पेठेत इतकी मुलं म्हणजे मला धाकधूक. सरांनी पेन्सिली शाळेतच ठेवायला लावल्या होत्या. "वीस मिनिटं नुसतं बघायचं. कापडाचं पाल कशाला बांधलंय, तराजू कोणत्या हातात आहे, बसलेल्या माणसाची पाठ कशी दिसते." मुलं आधी भेळेकडे बघत होती. मग हळूहळू पांगली. परत येऊन जोडतासात चित्रं काढली.

त्यात एकीचं चित्र वेगळं होतं. समोर मोठ्ठे तराजूचे पारडे, मेथीच्या जुड्यांच्या कडा, आणि त्यांच्या पलीकडे नुसते पाय. चपला, साडीचे काठ, पँटी, एक कुत्रं. चेहरे कागदाच्या बाहेर. सरांनी विचारलं, हे कुठून बघितलंस? ती म्हणाली, "आई बसते तिथून." सुट्टीच्या दिवशी ती आईबरोबर त्याच बाजारात बसायची. सरांनी ते चित्र बराच वेळ हातात धरलं, मग काही न बोलता दोरीला लावलं, मधोमध.

तिला पुढे इंटरमिजिएटला बी मिळाली. ए मिळायला हवी होती असं मला अजून वाटतं, पण मी काही परीक्षक नाही.

पायरी 7: शहर वापरायची परवानगी सोपी करा

कलाशिक्षक मुलांना बाहेर नेत नाहीत, कारण परवानगी, संमतिपत्रं, बस, सोबतीचे शिक्षक हे सगळं त्यांच्याच गळ्यात पडतं. जूनमध्येच वर्षाची एकदाच संमती घ्या आणि अर्ध्या दिवसाच्या चार फेऱ्या वेळापत्रकात टाकून द्या. प्रत्येक फेरीला एकच काम. 'सगळं दाखवून आणू' म्हटलं की मुलं काहीच बघत नाहीत.

पांडवलेणी घ्या. चोवीस लेणी आहेत, चोवीस बघू नका. तीन नंबरचं एकच. व्हरांड्याच्या खाली गण, म्हणजे कोरलेल्या धिप्पाड आकृती, खांद्यावर अख्खं लेणं पेलत आहेत; त्यांच्या खांद्यांचा आणि मानेचा ताण रेखाटायला सांगा. मग भिंतीवरचा ब्राह्मी लेख दाखवा. त्यात रेष जवळजवळ सगळीकडे सारख्या जाडीची, छिन्नीची. आपल्या देवनागरीत जाड-बारीक येतं ते बोरूमुळे. हत्यार बदललं की अक्षर बदलतं, हे अक्षरलेखनाच्या दहा तासांत सांगून होत नाही, तिथे एका नजरेत होतं. उतरताना पायथ्याचं दादासाहेब फाळके स्मारक. फाळके त्र्यंबकेश्वरचे, चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पुढे छायाचित्रण, शिळाछापाचं काम, आणि 1913 साली चित्रपट. 'चित्रकला शिकून पोटाचं काय' विचारणाऱ्या पालकांना ही फेरी जरूर करवा.

संकल्पचित्रासाठी, म्हणजे नक्षीच्या रचनेसाठी, येवल्याची पैठणी. मोर, मुनिया, आसावली, नारळी काठ. सगळी नक्षी धाग्यांच्या हिशेबाने बसवलेली, त्यामुळे वळणसुद्धा पायऱ्यापायऱ्यांनी येतं. एवढ्या लांब जाणं जमलं नाही तर कोणाच्या तरी आईची पैठणी वर्गात येते. आमच्याकडे तीन आल्या. रंगाचं पाणी त्या दिवशी खोलीत येऊ दिलं नाही. आलेखाच्या कागदावर एक मोर उतरवायला मुलांना दोन जोडतास लागले.

अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय लहान जागेत रचना कशी बसवायची याचा उत्तम धडा आहे. ते पाहून आल्यावर नाशिकरोडच्या नोट प्रेसचा विषय काढा. 1928 पासून आपल्याच गावात नोटा छापल्या जातात, पण त्यांवरच्या बारीक रेषा, जाळी, अक्षरं कोणीतरी आखलेली असतात, हे मुलांच्या डोक्यातच आलेलं नसतं. खिशातली दहाची नोट आणि एक भिंग, तास भरला.

वारलीबद्दल मात्र एक सांगते. भिंतीवर त्रिकोणी माणसं काढली की वारली झाली, असं शाळांत चालतं. पेठ-सुरगाण्याकडची मुलं तुमच्या वर्गात असतील तर आधी त्यांना विचारा, त्यांच्याकडे लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चित्र, कोण लिहितं, कशाने लिहितात. तांदळाचं पीठ, गेरूची भिंत, बांबूची काडी, आणि लिहिणाऱ्या सवाशिणी. आमच्या एका विद्यार्थ्याच्या आजीला बोलावलं होतं. तिने पेपरवर काढायला नकार दिला. खोलीच्या एका भिंतीला गेरू सारवून घेतला आणि मग बसली.

पायरी 8: तास बघायला जाल तेव्हा

तासनिरीक्षणाचा छापील नमुना बाजूला ठेवा. 'वर्गशिस्त', 'फलकलेखन' असल्या रकान्यांत चित्रकलेचा चांगला तास नापास होतो. मुलं उठून पाणी बदलतात, दुसऱ्याच्या कागदात डोकावतात, बोलतात. आवाज असतोच. तुम्ही बघा ते हे: साठ चित्रं एकमेकांपेक्षा वेगळी आहेत का? सर मुलाच्या कागदावर स्वतः हात चालवतात, की वस्तूकडे बोट दाखवून 'परत बघ' म्हणतात?

तपासणीचंही तसंच. आमच्या सरांच्या हातून आठवड्याला सातशेवर मुलं जायची. प्रत्येकाची वही महिन्याला तपासा म्हणणं म्हणजे सही आणि तारीख मागणं. आम्ही ठरवलं, आठवड्याला एकच वर्ग, पण प्रत्येक मुलाला एक वाक्य. मुलांनी वर्षभराची चित्रं एका पुठ्ठ्याच्या पाकिटात ठेवायची आणि सत्राअखेरीस त्यातली तीन स्वतः निवडायची, का निवडली ते मागे लिहायचं. श्रेणी त्यावरून. चित्रावर लाल पेन मात्र नाही. शेरा मागच्या बाजूला, पेन्सिलीने.

पायरी 9: त्यांना त्यांच्यासारखी माणसं मिळू द्या

मराठीचे चार शिक्षक असतात, स्टाफरूममध्ये एकमेकांना अडलेलं विचारतात. चित्रकलेचा एकटाच असतो. त्याने रंगाबद्दल कोणाशी बोलायचं?

जवळपासच्या पाच-सहा शाळांच्या कलाशिक्षकांना महिन्यातून एका शनिवारी एकत्र बसू द्या. जागा आलटून पालटून, चहा यजमान शाळेचा, आणि ती वेळ कामावरची धरायची. अजेंडा, इतिवृत्त काही मागू नका. आमच्याकडच्या मंडळींनी पहिल्या दोन बैठकांत फक्त तक्रारी केल्या, तिसरीत गोदाघाटावर जाऊन चित्रं काढली. चौथीपासून एकमेकांच्या मुलांची चित्रं आणू लागले. कलानिकेतनसारख्या चित्रकला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना एखाद्या तासाला बोलावलं तर दोघांचाही फायदा.

आणि त्यांचं स्वतःचं काम. ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) करून शाळेत आलेला माणूस मुळात चित्र काढायच्या ओढीने आलेला असतो. आमच्या सरांनी नऊ वर्षांत एकही स्वतःचं चित्र काढलं नव्हतं, हे मला त्यांच्याबरोबर चार वर्षं काम केल्यावर समजलं. वार्षिक प्रदर्शनात मुलांच्या चित्रांबरोबर सरांची दोन चित्रं लावायची, असा हट्ट धरला. त्यांनी नारोशंकर मंदिराजवळचा पावसातला घाट लावला. मुलं त्यापुढे उभी राहून म्हणत होती, "सर, हे तुम्ही काढलंय?"

कलाशिक्षक नसेल तर

जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांत हाच खरा प्रश्न. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील तर कलेसाठी अर्धवेळ निदेशक असावा, असं शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची सांगते. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून मागणी लेखी नोंदवावी आणि पोच घ्यावी. निदेशक मिळाले, तर त्यांचं मानधन वेळेवर निघतंय का, हे समितीने दर महिन्याला विचारावं.

तोवर वर्गशिक्षकांनी घाबरू नये. स्वतःला चित्र काढता येत नसलं तरी चालतं. फळ्यावर काढून दाखवूच नका, म्हणजे मुलं उतरवणार नाहीत. मधोमध एक घमेलं ठेवा, त्यात पाणी, पाण्यात कर्दळीचं पान. चारी बाजूंनी मुलं बसवा. प्रत्येकाला वेगळं दिसतं, तेवढं काढायला सांगा आणि गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यांत अवघड जातं, हे अनुभवाने सांगते.

एप्रिलचं एक काम

परीक्षा संपल्यावर कपाट तसंच बंद करू नका. पाकिटं मुलांच्या घरी जाऊ द्या, शाळेत रद्दीत नको. पुढच्या वर्षाची कागद-रंगांची यादी तेव्हाच सरांकडून घ्या, जूनमध्ये प्रवेशांच्या गर्दीत ती मागे पडते. आणि ब्रश. ते कोमट पाण्यात साबणाने धुवायचे, टोकं सरळ करायची, पूर्ण वाळेपर्यंत आडवे ठेवायचे. ओले उभे ठेवले तर पाणी दांड्यात उतरतं आणि जूनपर्यंत केस सुटतात. आमच्याकडे हे काम शेवटच्या शनिवारी सगळा स्टाफ मिळून करतो, म्हणजे मी होते तोवर तरी करत होतो. गणिताचे सर केस दाबून रंग काढण्यात सगळ्यांत तरबेज निघाले.